डाव्या खोक्यातले एकोणीस जण

धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत मोतीलालशेठचा छापखाना होता, आणि त्या छापखान्यात भिकन बोरसे नावाचा जुळारी होता. जुळारी म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवणारा माणूस. चोवीस वर्षं त्याने हेच केलं. पण लोक भिकनकडे यायचे ते खिळ्यांसाठी नाही, मानासाठी.

आता मान म्हणजे काय, हे खानदेशाबाहेरच्या माणसाला समजावणं महाकठीण. इतर मुलखांत लग्नपत्रिका म्हणजे कोण, कुणाशी, कधी, कुठे, झालं, संपलं. आमच्याकडे हा सगळा मजकूर एका कोपऱ्यात अंग चोरून बसतो. बाकी सगळी पत्रिका नावांची. निमंत्रक, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक, विनीत, आणि त्यातही उरलेच कुणी तर ‘समस्त’ म्हणून वेगळा रकाना. बरं, नाव असून भागत नाही, ते कितव्या ओळीत आहे हे महत्त्वाचं. काकाच्या खाली काका चालतो, काकाच्या वर पुतण्या चालत नाही. जीप भरून माणसं यायची, छापखान्याच्या वट्यावर म्हणजे ओट्यावर बसायची, शाळेच्या वहीत लिहून आणलेल्या यादीवरून तासभर भांडायची, आणि शेवटी कुणीतरी म्हणायचं, “जाऊ द्या, भिकनभाऊ लावतील तसं.” भिकन लावायचा, आणि कुणाची बोलायची टाप नसायची. कोणत्या गावात कोणाचा आजा कोणाच्या आजापेक्षा थोरला, हे त्याला तोंडपाठ होतं. त्याला स्वतःच्या बायकोचा वाढदिवस विचारला असता तर मात्र त्याने डोकं खाजवलं असतं.

अशा माणसाचं स्वतःच्या सख्ख्या भावाशी वाकडं होतं, तेही एका पत्रिकेवरून. म्हणजे काय म्हणावं!

झालं होतं असं. भिकनचं गाव बाभुळखेडं, धुळ्यापासून तासाभराच्या वाटेवर. तिथे बोरसे भाऊबंदांची अडतीस घरं. भिकनचा थोरला भाऊ वना गावी शेती बघायचा. चुलतभाऊ रुपचंदच्या घरी लग्न निघालं, पत्रिका अर्थातच भिकनकडे आली, आणि भिकनने आपल्या धंद्याला जागून रुपचंदचं नाव वर आणि वनाचं खाली लावलं. कारण रुपचंद वनापेक्षा अकरा दिवसांनी मोठा. वनाने पत्रिका वाचली आणि तळपायाची आग मस्तकाला गेली. “अकरा दिवसांसाठी सख्ख्या भावाला खाली ढकललंस?” एवढंच बोलला, आणि तोंड बंद केलं ते नऊ वर्षं. वडील गेले तेव्हासुद्धा दोघे दोन वेगळ्या पंगतींत जेवले. भिकनला वाटायचं, आपलं हिशेबाने बरोबरच होतं. आणि हे वाटत असतानाच घास घशाखाली उतरायचा नाही.

सत्त्याण्णव साली मोतीलालशेठने कॉम्प्युटर आणला. शिशाचे खिळे हातगाडीवर चढून भंगारात गेले. भिकनला वाटलं, आता आपणही त्याच हातगाडीवर चढायचं. पण शेठ शहाणा माणूस. तो म्हणाला, “मशीन अक्षरं लावेल रे, माणसं कोण लावणार? तू शीक.”

शिकवायला नासीर होता. गल्लीतल्या नूर महंमद बाइंडरचा मुलगा, देवपुरात कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. मॅट्रिकला तीनदा गटांगळ्या खाल्लेल्या भिकनला त्याने कीबोर्डसमोर बसवलं तेव्हा भिकन म्हणाला, “नासीरभाई, ही इंग्रजी अक्षरं सगळी उलटी आहेत.” उलटी काही नव्हती. चोवीस वर्षं खिळ्यावरची उलटी अक्षरं वाचून त्याचे डोळेच तसे झाले होते. पण गडी चिवट. सहा महिन्यांत त्याने तालुक्यातल्या भाऊबंदक्या एक्सेलमध्ये भरल्या. एका गावाला एक पान, एका घराला एक ओळ, आणि ओळी अर्थातच मानाप्रमाणे.

मग नासीरने त्याला फॉर्म दाखवला. एक्सेलच्या पोटात आपल्याला हवी तशी खिडकी बनवता येते, तिच्यात बटणं ठेवता येतात, याद्यांची खोकी ठेवता येतात. लिस्ट बॉक्स म्हणतात त्याला. भिकनच्या डोळ्यांसमोर वट्यावरची सगळी भांडणं उभी राहिली. त्याने दोन खोकी मांडली. डावीकडच्यात गावाची अख्खी भाऊबंदकी, उजवीकडच्यात पत्रिकेत घ्यायची नावं. मधे एक बटण, त्यावर लिहिलं ‘पाठवा’. डावीकडचं नाव निवडा, ‘पाठवा’ दाबा, नाव डावीकडून जाईल आणि उजवीकडे येईल. शिवाय उजव्या खोक्याशेजारी ‘वर’ आणि ‘खाली’ अशी दोन बटणं, रुसवे काढण्यापुरती.

पहिल्यांदा फॉर्म उघडला तेव्हा खोक्यात कोंबडी नाचून गेल्यासारखी कसलीशी अक्षरं दिसली. शेठ घाबरला. नासीरने खोक्याला मराठी फॉन्ट दिला तेव्हा त्या खरडीतून एकदम बाभुळखेड्याच्या पहिल्या मानकऱ्याचं नाव, ‘निंबा’, उमटलं, आणि शेठने नकळत हात जोडले. मग नासीर म्हणाला, “भिकनभाऊ, सॉर्ट करून टाकू? अ पासून ज्ञ पर्यंत सगळी नावं ओळीने बसतील.”

“करून बघ बरं.”

नासीरने केलं. निंबा आबांचा नातू अभिमन सगळ्यांच्या वर जाऊन बसला आणि ब्याऐंशी वर्षांचे निंबा आबा घसरले मधेच कुठेतरी.

“पुसून टाक,” भिकन म्हणाला. त्याला दरदरून घाम फुटला होता. “कुणी बघितलं नाही ना?”

आणखी एक गोष्ट त्याने कायम लपवून ठेवली. खोक्यातल्या नावांना मशीन शून्यापासून मोजतं. पहिला माणूस शून्य, दुसरा एक. नासीर म्हणाला, असंच असतं. असेल बाबा! पण बाभुळखेड्यात जाऊन ‘आबा, तुम्ही शून्य’ असं म्हणून बघा एकदा. चपलाही सापडायच्या नाहीत घरी येताना.

वर्षभर फॉर्म झकास चालला. गिऱ्हाईक समोर बसून नावं सांगायचं, भिकन एकेक नाव निवडून पाठवायचा. भांडण लागलं की ‘वर’, ‘खाली’. लोक तोंडात बोट घालून बघायचे. चाळीसगावपर्यंत बोलबाला झाला.

आणि चाळीसगावचंच स्थळ आलं, भिकनच्या छायाला. मुलगा चांगला, घर चांगलं, लग्न वैशाखात ठरलं. घरात आनंदीआनंद. पण साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी सुमनबाई, म्हणजे भिकनची बायको, त्याच्यासमोर ताट ठेवून तिथेच बसली.

“तुमचे भाऊ, माझे जेठ, मांडवात नसले तर मी तोंड कुणाला दाखवू?” ती म्हणाली. “पोरीला चालायला त्यांनी शिकवलंय. तुम्ही खिळे मोजत होता तेव्हा.”

 खरं तर भिकनलाही दुसरं काही नको होतं. बँड नको, घोडा नको, जेवणावळीत जिलबी नको. नुसता वनाभाऊ मांडवात उभा राहिला पाहिजे होता. आणि वनाला मांडवात आणायची वाट पत्रिकेतूनच जाते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तो मुद्दाम गावी जाऊन रुपचंदला भेटला. म्हणाला, “अकरा दिवस मला देऊन टाक.” रुपचंद मोठ्या मनाचा माणूस. म्हणाला, “घे की. माझ्या कुठे उपयोगाचे आहेत?” भिकनने छापखान्यात येऊन बाभुळखेड्याच्या पानावर पहिल्या ओळीत निंबा आबा, दुसऱ्या ओळीत वना आणि तिसऱ्या ओळीत रुपचंद असं करून टाकलं. त्या एका बदलाने त्याला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी पांझरेच्या पुलावर त्याने सायकलचे हात सोडले. वय वर्षं सेहेचाळीस!

आता अडतीस नावं एकेक करून कोण पाठवणार? सीझन जोरात, मशीन रिकामं मिळायचं ते दोन कामांच्या मधे. भिकनने स्वतःच्या अक्कलहुशारीने डाव्या खोक्याची एक प्रॉपर्टी बदलली, म्हणजे एका वेळी कितीही नावं निवडता येतील. आणि ‘पाठवा’ बटणामागचा कोड नव्याने लिहिला. वरून सुरुवात कर, एकेका जागेवर जा, तिथलं नाव निवडलेलं असेल तर उजवीकडे लिही आणि डावीकडून काढून टाक, मग पुढच्या जागेवर जा. साधं, सरळ. अडतीसच्या अडतीस नावं निवडून त्याने बटण दाबलं. मशीनने टण्णकन आवाज करून इंग्रजीत काहीतरी कुरकुर केली.

अशा कुरकुरीवर भिकनकडे एक औषध होतं. नासीरने कधीतरी दाखवलेली एक ओळ, ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’. अर्थ असा, की चूक झाली तरी बोलू नकोस, पुढे चालत राहा. ही ओळ भिकनला फार आवडायची. चोवीस वर्षांच्या संसाराचं सार इतक्या थोडक्यात त्याने दुसरीकडे कुठे वाचलं नव्हतं. त्याने ती ओळ कोडच्या डोक्यावर चढवली, फॉर्म बंद करून पुन्हा उघडला, सगळी नावं निवडली, बटण दाबलं. मशीन गप्प. उजवं खोकं भरलं.

आणि गंमत बघा, नावं पत्रिकेत इतकी सुटसुटीत बसली! एरवी भाऊबंद बसवताना अक्षर बारीक करता करता मुंगीएवढं व्हायचं. या वेळी ठसठशीत अक्षर, दोन ओळींमधे हवा खेळतेय. “मशीनची कमाल आहे,” भिकन शेठला म्हणाला. प्रूफ त्याने स्वतः तपासलं. पण जुळाऱ्याचा डोळा तो. वेलांटी बघितली, अनुस्वार बघितला, एकही चूक नव्हती. जे नाव नाहीच, त्याची वेलांटी कशी चुकणार? दुसऱ्याची पत्रिका असती तर चार म्हातारे चष्मा लावून बसले असते. ही घरचीच. पत्रिका छापल्या, रुपचंदने येऊन गावाचा गठ्ठा नेला, आणि एस.टी.तून उतरल्या उतरल्या वाटून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्यात फोन वाजला.

“भिकन, तू काय करी ठेवं रे?” रुपचंद ओरडत होता. “अर्धा भाऊबंद काढी टाका!”

“अर्धे?”

“एकोणीस! आणि वनाचं नाव नाही! माझं आहे, वनाचं नाही!”

भिकनच्या हातातून फोन सुटला तो शेठने उचलला. इकडे गावात काय झालं होतं, ते रुपचंद शेठलाच सांगत बसला. मारुतीच्या पारावर सकाळपासून मेळा भरला होता. वगळलेले एकोणीस आणि छापलेले एकोणीस समोरासमोर. भिकनने कोणत्या हिशेबाने माणसं कापली, यावर गावाची अक्कल पणाला लागली होती. कुणी म्हणालं, ज्यांनी ग्रामपंचायतीला त्याच्या मेव्हण्याला मत दिलं नाही ते कापले. पण मेव्हण्याचा सख्खा साडूच कापला गेला होता. कुणी म्हणालं, बापाच्या दहाव्याला न आलेले कापले. पण दहाव्याला खांद्यावर पाण्याच्या घागरी वाहिलेलाही कापलेला! शेवटी एकाच्या लक्षात आलं, की मानाच्या यादीत एक सोडून एक माणूस गेला आहे. तेव्हा तर कहरच झाला. “अर्धंच गाव जेवायला घालायचं असेल त्याला. शहरात राहून माणूस मोजका होतो.” आणि या वगळलेल्यांचा पुढारी कोण? वना.  नुसता पत्रिका गुडघ्यावर ठेवून बसला होता, आणि त्याच्याकडे बघून बाकीच्यांना चेव येत होता.

भिकन कॉम्प्युटरसमोर बसला. फॉर्म उघडला, अडतीस नावं निवडली, ‘पाठवा’ दाबलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच बटण दाबल्यावर उजवीकडे न बघता डावीकडे बघितलं. डाव्या खोक्यात एकोणीस जण तसेच बसले होते. सगळ्यांत वर वना.

नासीरला बोलावणं गेलं. त्याने येऊन ती ‘पुढे चालत राहा’ची ओळ काढली, आणि मशीनने लगेच बोंब ठोकली. “भाऊ, हे बिचारं तेव्हाच सांगत होतं,” नासीर म्हणाला. “तुम्ही त्याचं तोंड बांधलं.” दोघांनी कोड बोटाने चाचपत वाचला. चूक कुठे आहे ते भिकनला कळलं. दुरुस्ती काय करायची ते बघायला तो थांबलाच नाही.

तासाभराने तो बाभुळखेड्याच्या एस.टी.त होता.  गावाला काय सांगायचं? मशीनने केलं म्हणावं, तर ते खोटं. मी केलं म्हणावं, तर का केलं ते कुणाला कळणार?

पारावर पाय ठेवताच सगळे तुटून पडले. “आमले कसाले काढं? आमी काय मरी गऊत?” भिकनने हात जोडून समजवायला सुरुवात केली. खोकं, यादी, जागा, बटण. कुणाला ओ का ठो कळेना. एक म्हातारा म्हणाला, “तुझ्या खोक्याला आग लाव.” शेवटी भिकन जेरीला आला.

“बठ्ठा उभा ऱ्हा!” तो ओरडला. “सगळे मानाने, एका ओळीत! मी दाखवतो.”

आता भांडण कितीही पेटलेलं असो, मानाने उभं राहा म्हटल्यावर खानदेशी माणूस उभा राहतोच. नाही राहिला तर त्याची जागा दुसरा घेईल ना! ओळ लागली. निंबा आबा पहिले. दुसरी जागा रिकामी. वना पारावरून उठला नाही.

“वना,” निंबा आबा काठी आपटून म्हणाले, “उभा ऱ्हाय रे. मना पाय दुखी ऱ्हायनात.”

वना आला. भिकनकडे न बघता दुसऱ्या जागेवर उभा राहिला. ओळीच्या डोक्यापासून दर जागेला भिकनने जमिनीवर चुन्याची एक रेघ मारली होती.

“हे डावं खोकं,” भिकन म्हणाला. “आणि ते विहिरीपाशी उजवं. मी पहिल्या रेघेपासून सुरुवात करतो.” त्याने आबांच्या खांद्याला हात लावला. आबा काठी टेकत विहिरीपाशी गेले. “आता खोक्यात रिकामी जागा राहत नाही. सगळे एकेक रेघ पुढे सरका.” ओळ सरकली. वना पहिल्या रेघेवर आला, रुपचंद दुसऱ्या. “माझं पहिल्या रेघेवरचं काम झालं, मी निघालो दुसऱ्या रेघेवर.” आणि तो वनाच्या समोरून, अगदी हातभर अंतरावरून, पुढे निघून गेला आणि त्याने रुपचंदच्या खांद्याला हात लावला.

रुपचंद विहिरीकडे गेला. ओळ पुन्हा सरकली. भिकन पुढे गेला, पुन्हा एकजण मागे राहिला. तिसऱ्या-चौथ्या वेळेला पहिला हसण्याचा आवाज आला. वगळलेलाच एकजण हसत होता, त्याच्या समोरून भिकन निघून गेला तेव्हा. मग हसू पसरत गेलं. ज्याची पाळी हुकायची तोच कपाळावर हात मारून घ्यायचा, “आरे, मी ऱ्हाई गऊ!” शेवटी विहिरीपाशी एकोणीस जमले, ओळीत एकोणीस उरले, आणि भिकन विसाव्या रेघेवर पोचला. तिथे कुणीच नव्हतं. त्याने हवेतच हात लावला आणि थांबला.

“इथे मशीनने मला हाक मारली होती,” तो म्हणाला. “इथे माणूस नाही, मी काय करू, असं विचारत होतं. मी त्याला म्हणालो, गप्प बस, चूक झाली तरी पुढे चल. मशीनची काही चूक नाही. माझी आहे.”   चूक आपली आहे असं पारावर उभं राहून म्हणणारा माणूस भाऊबंदांनी बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता.

“आता ते दुरुस्त कसं करायचं, ते मला अजून...” भिकन कसाबसा म्हणाला.

“मांगथाईन ये ना, येडा!”

आवाज ओळीच्या डोक्याकडून आला होता. वनाचा. नऊ वर्षांनी. भिकनला आधी शब्द कळलेच नाहीत, नुसता आवाज कळला.

“शेवटपासून ये,” वना जमिनीकडे बघत म्हणाला. “वरना गया तं खालना सरकस. खालना गया तं वरना कसाले सरकी?”

पुन्हा सगळे ओळीत उभे राहिले. या वेळी भिकन अडतिसाव्या रेघेवर गेला आणि मागून सुरुवात केली. शेवटचा गेला, कुणी सरकलं नाही. त्याच्या आधीचा गेला, कुणी सरकलं नाही. माणसं आपापल्या रेघेवर खांबासारखी उभी. एकेक करत सगळे विहिरीपाशी पोचले. रुपचंद गेला. भिकन वनासमोर आला. त्याने भावाच्या खांद्याला हात लावला.  वना चालत गेला, पण विहिरीकडे नाही. सरळ आपल्या घराकडे.

“आरे!” रुपचंद म्हणाला. पण वना गेला होता.

गाव शांत झालं. नव्या पत्रिका येतील, सगळे लग्नाला येतील, असं प्रत्येकाने सांगितलं. भिकन धुळ्याला परतला तेव्हा सुमनबाईने विचारलं, “जेठ?” त्याने नकारार्थी मान हलवली. दोघेही जेवले नाहीत.

सकाळी त्याने कोड बदलला. शेवटापासून सुरू कर, मागे मागे ये. बटण दाबलं. डावं खोकं रिकामं, उजवीकडे अडतीस. पण नावं मागून आली म्हणून सगळी उलटी लागली होती. सगळ्यांत धाकटा अभिमन वर, आबा तळाला. हे मात्र सोपं होतं. प्रत्येक नवं नाव उजव्या खोक्यात सगळ्यांच्या वर बसव, एवढंच सांगायचं. तो ते लिहायला वाकणार, तोच शेठ म्हणाला, “भिकन, गिऱ्हाईक आलंय.”

दारात वना उभा होता. डोक्याला पटका, हातात पिशवी, पहिल्या एस.टी.चा धुरळा अंगावर. तो बाकावर बसला नाही. सरळ कॉम्प्युटरपाशी आला.

“दखाड,” म्हणाला, आणि पडद्याकडे मान वळवली.

भिकनच्या तोंडचं पाणी पळालं. उजव्या खोक्यात वना सदतिसावा होता. “भाऊ, थांब, हे उलटं लागलंय, आत्ता सरळ करतो, एक मिनिट...” तो माऊस शोधायला लागला. माऊस हातातच होता.

वनाने त्याला हातानेच थांबवलं. मग काचेवर बोट ठेवलं आणि वरून खाली एकेक नाव वाचत निघाला. वाचायला त्याला वेळ लागायचा. अभिमन. हिलाल. प्रत्येक नावाला तो मान हलवत होता. शेठ कॉम्प्युटरच्या काचेला कुणाला हात लावू द्यायचा नाही, पण आज तो दुसरीकडेच बघत होता. बोट खाली खाली गेलं, रुपचंदवरून गेलं, स्वतःच्या नावावरून न थांबता गेलं, आबांवर टेकलं.

“बठ्ठा शेतस,” वना म्हणाला.

“तुझं नाव दुसरं येणार, भाऊ. आबांच्या लगेच खाली. मी आधीच...”

“लाव तुले जठे लावणं शे तठे.” वना अजून पडद्याकडेच बघत होता. “पोरनं नाव कोठे शे?”

भिकनला पटकन कळलंच नाही. मग त्याने पत्रिकेचं पान उघडलं. मधोमध, ठसठशीत अक्षरांत, चि. सौ. कां. छाया. वनाने तिथे बोट ठेवलं आणि काढलंच नाही. “मोठी झाली,” असं काहीतरी पुटपुटला. भिकनने मान खाली घातली आणि कीबोर्डवरची अक्षरं वाचत बसला. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याला मनसोक्त रडू येत होतं, आणि समोर गिऱ्हाईक उभं होतं.

नव्या पत्रिका घेऊन दोघे भाऊ एकाच एस.टी.ने गावी गेले. वाटेत बोलले म्हणावं तर तसंही नाही. एकाने विचारलं पाऊसपाणी, दुसऱ्याने सांगितलं. पहिलं घर निंबा आबांचं. पिशवीतून कुंकवात भिजवलेल्या अक्षता वनाने काढल्या, पत्रिका भिकनच्या हातात होती. आबा ओट्यावर बसले होते. निमंत्रण द्यायला भिकनने तोंड उघडलं.

“थांब,” वना म्हणाला, आणि स्वतः एक पाऊल पुढे झाला. त्याने पत्रिकेवर अक्षता ठेवल्या आणि घसा खाकरला.

“आबा, आमनी छायानं लगीन शे,” तो म्हणाला. “बठ्ठा जण या.”